अमेरिकेतील महानगरे व त्यांचे उंदीर



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय आपण ऐकत आला आहात. त्या पंक्तीत उंदराला पाट मांडून बसवणे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या देशाने चंद्रावर माणसे उतरवली, त्या देशाच्या मोठमोठ्या शहरांना हा वीतभर प्राणी अडीचशेहून अधिक वर्षे दाद देत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे विषय दिसतो तितका क्षुद्र नाही, हे पटेल.

अमेरिकन शहरांतला तपकिरी उंदीर मूळचा तिथला नव्हे. त्याची जन्मभूमी पूर्व आशियातली. अठराव्या शतकात युरोपातल्या गलबतांबरोबर तो तिकडे गेला आणि घरचाच होऊन बसला. न्यूयॉर्कात माणशी एक उंदीर आहे, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. या हिशोबाचे मूळ मोठे गमतीचे आहे. १९०९ साली बोल्टर नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने अंदाज बांधला, की आपल्या देशात लागवडीच्या दर एकरामागे एक उंदीर असावा. जमीन चार कोटी एकर, आणि लोकसंख्याही चार कोटींच्या घरात. तेव्हा माणशी एक उंदीर! हा योगायोग समुद्र ओलांडून गेला आणि तिकडे सिद्धान्त बनला. १९५० च्या सुमारास डेव्हिड डेव्हिस या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्कात पाहणी केली, तेव्हा ऐंशी लाखांच्या जागी उंदीर भरले सुमारे अडीच लाख. २०१४ साली दुसऱ्या एका अभ्यासकाने वीस लाखांचा अंदाज दिला. आकडे बदलतात; पण माणसांच्या शिरगणतीवरून उंदीर मोजता येत नाहीत, हे मात्र खरे. मग ते कशावरून मोजावेत?

याचे उत्तर बाल्टिमोर शहराने दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट रिक्टर यांनी उंदरांसाठी नवे विष शोधले आणि गल्लोगल्ली मोहीम काढली. उंदीर पुष्कळ मेले. पण डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेव्हा मागाहून मोजदाद केली, तेव्हा आढळले की मारलेल्यांची जागा पुन्हा भरत जाते. कारण उघड आहे. निम्मे खाणारे गेले, की उरलेल्यांच्या वाट्याला दुप्पट अन्न येते. आणि उंदरीण तर तीन आठवड्यांत विते. उंदरांची संख्या ठरते ती उघड्या उकिरड्यावर आणि दडायला मिळणाऱ्या बिळांवर. डब्याला झाकण बसवले, पडके परस दुरुस्त केले, तर ती संख्या उतरते आणि उतरलेली राहते. विष म्हणजे उधारीवरचे व्याज फेडणे. मुद्दल उकिरड्यात शिल्लकच असते.

हा धडा नवा होता असेही नाही. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत प्लेग शिरला, तेव्हा नगराधिकाऱ्यांनी चिनी वस्तीला दोर लावून माणसे कोंडली, आणि गव्हर्नरसाहेब तर प्लेग नाहीच म्हणत राहिले. १९०७ साली, भूकंपानंतर, प्लेग पुन्हा आला. मधल्या काळात ज्ञान पुढे गेले होते. सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत उंदरावरच्या पिसवेकडे बोट दाखवले होते, आणि १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनने तेच प्रयोगांनी पक्के करण्यास आरंभ केला होता. आपल्या आजे-पणज्यांनी ज्या साथीत माणसे गमावली, त्या साथीतूनच हे ज्ञान निघाले. या वेळी डॉ. रूपर्ट ब्लू यांनी माणसांना सोडून उंदरांना वेढा घातला: तळघरांना काँक्रीट, कचऱ्याला झाकणाचे डबे. साथ आटोक्यात आली.

मग एवढे कळूनही उंदीर का टिकला? येथे विज्ञान संपते आणि राजकारण सुरू होते. झाकण, काँक्रीट आणि दुरुस्ती यांना पैसा लागतो, आणि उंदीर ज्यांच्या घरात असतो त्यांच्या हाती घरही नसते आणि पैसाही नसतो. न्यूयॉर्कातल्या हार्लेम भागात १९६३ साली जेसी ग्रे यांच्या पुढारीपणाखाली भाडेकरूंनी भाडे बंद केले आणि वर्षअखेरीस मेलेले उंदीर पुरावा म्हणून थेट न्यायालयात नेले. पाळण्यातल्या पोराला रात्री उंदीर चावतो, हे त्या आयांना कोणा शास्त्रज्ञाने सांगायला नको होते.

२० जुलै १९६७ रोजी उंदीर-निर्मूलनासाठी दोन वर्षांत चार कोटी डॉलर देण्याचे विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे आले. सभागृहात हशा पिकला. नागरी हक्कांच्या इंग्रजी नावावर उंदरांची कोटी झाली. मांजरे विकत घेऊन सोडा, अशीही सूचना आली. विधेयक १७६ विरुद्ध २०७ मतांनी फेटाळले गेले. नेवार्कच्या काळ्या वस्तीतला वणवा नुकताच विझला होता, आणि तीनच दिवसांनी डेट्रॉइट पेटले. पुढे त्याच वर्षी लाजेकाजेस्तव ती रक्कम आरोग्याच्या दुसऱ्या कायद्यात घातली गेली. मांजरांचे म्हणाल, तर ब्रुकलिनच्या एका कचरा-केंद्रात त्यांच्यावर कॅमेरे रोखले होते. २०१८ साली निष्कर्ष छापून आला: ७९ दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर, दोन!

न्यूयॉर्कची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. १९६८ साली सफाई कामगारांचा संप झाला आणि त्यानंतर लोखंडी डबे जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. सोय झाली, उंदरांनाही रोज संध्याकाळी पदपथावर पान मांडून मिळू लागले. पन्नासहून अधिक वर्षांनी शहर पुन्हा डब्यांकडे वळले. २०२३ साली पिशव्या बाहेर ठेवण्याची वेळ दुपारी चारवरून रात्री आठवर नेली. २०२४ साली आधी दुकानांना आणि मग लहान इमारतींना झाकणाचे डबे सक्तीचे झाले. म्हणजे १९०७ चे शहाणपण २०२४ साली परतले! घाईही आहे: २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या १६ शहरांच्या अभ्यासात ११ शहरांत उंदीर वाढल्याचे दिसले, आणि जिथे हवा अधिक तापली व माणसांची दाटी अधिक, तिथे वाढही अधिक. वॉशिंग्टन शहर या वाढीत सर्वांच्या पुढे होते. ज्या सभागृहात उंदरांवर हशा पिकला, ते त्याच शहरात आहे.

श्रोतेहो, उंदीर माणसे मोजत नाही. तो झाकणे मोजतो. शहराने कोणत्या गल्लीला झाकण दिले आणि कोणत्या गल्लीला हसून वाटेला लावले, याची नोंदवही तो रात्री बिनचूक भरतो. ती वही वाचण्याइतके धैर्य शहरांना लाभो, एवढे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.