मधल्या वाटेचा दिवाण

चेन्नईहून कुंभकोणमला येणारी बस अणैक्करैपाशी कोळ्ळिडम नदी ओलांडते, तिरुप्पनंदाळ मागे टाकते आणि मग चोळपुरम् येतं. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मधून सडक. इथून कुंभकोणम हाकेच्या अंतरावर. त्याच कुंभकोणमात १८२८ साली एका देशस्थ मराठी घरात माधवराव जन्मले. इंग्रजी कागदांत ते 'सर टी. माधवराव' होतात, त्यातला 'टी' म्हणजे तंजावर.

माधवराव संस्थानांचे दिवाण, आणि मध्यममार्गी. मध्यममार्गी पुढाऱ्याची वाट कुठेच सोपी नसते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सभागृहात मधल्या बाकांवर बसणाऱ्यांना विरोधक 'दलदल' म्हणून हिणवत. आजच्या फ्रान्समधले फ्रान्स्वा बायरू अध्यक्षपदासाठी तीनदा उभे राहिले, तीनदा हरले. २०२४ च्या डिसेंबरात पंतप्रधान झाले आणि नऊ महिन्यांत विश्वासमत गमावून घरी गेले. माधवरावांना निवडणूक माहीत नव्हती. त्यांना सांभाळायचं होतं ते एका बाजूला महाराजांना आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज रेसिडेंटला.

दिवाणगिरी घरातच होती. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव, दोघांनीही त्रावणकोर संस्थानाची दिवाणी केलेली. माधवराव मद्रासला पॉवेल नावाच्या गणितप्रेमी मास्तरांच्या हाताखाली शिकले आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. १८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारल्यावर तिथलं मराठी राज्य इंग्रजांनी खालसा केलं. पुढच्या दोनच वर्षांत या तंजावरी मराठ्याकडे त्रावणकोरचा कारभार आला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

खजिन्यावर कर्ज होतं, व्यापार मक्तेदारीत अडकलेला होता. त्यांनी मिरी आणि तंबाखूची सरकारी मक्तेदारी मोडली, कर्ज फेडलं, आणि १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकीचा हक्क मिळवून दिला. कुळांच्या दृष्टीने त्रावणकोरात एवढी मोठी गोष्ट क्वचितच घडली असेल.

पण मधल्या वाटेची दुसरी बाजूही इथेच दिसते. दक्षिण त्रावणकोरातल्या नाडार जातीच्या स्त्रियांनी छातीवर वस्त्र घ्यायचं की नाही, यावरून दंगे पेटले होते. मद्रासच्या गव्हर्नरचा दबाव आल्यावर १८५९ च्या जुलैत जाहीरनामा निघाला: वस्त्र घ्यावं, मात्र वरच्या जातीच्या स्त्रिया घेतात तसं नव्हे! दिवाण म्हणून माधवराव या तडजोडीत होतेच. त्यांचं चरित्र गौरवाने सांगणाऱ्यांनी हे पान चटकन उलटू नये.

पुढे एक गंमतच झाली. ज्या राजपुत्राला त्यांनी शिकवलं, तोच आयिल्यम तिरुनाळ १८६० मध्ये गादीवर आला. गुरू-शिष्यांचं काही वर्षं छान जमलं, मग बिनसलं, आणि १८७२ मध्ये गुरूला निरोप मिळाला. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातली जागा देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली आणि तुकोजीराव होळकरांच्या इंदूरला ते दिवाण म्हणून गेले.

तिथून १८७५ मध्ये बडोद्याला. त्या गावात तेव्हा पाऊल टाकणं म्हणजे निखाऱ्यावर चालणं. रेसिडेंट फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर होता. चौकशी आयोगातले तीन इंग्रज एका बाजूला, तीन हिंदी सदस्य दुसऱ्या बाजूला. शेवटी सरकारने गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना पदच्युत केलं. थोड्याच महिन्यांपूर्वी दादाभाई नौरोजी याच दिवाणगिरीला कंटाळून निघून गेले होते. मल्हाररावांच्या विधवा भावजय जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला, तो सयाजीराव झाला, आणि तो वयात येईपर्यंत राज्य माधवरावांनी चालवलं. न्यायालयं, शाळा, पोलीस यांची घडी त्यांनी बसवली. १८८१ मध्ये गादी सांभाळायची वेळ आली, तेव्हा तरुण महाराजांपुढे त्यांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. 'मायनर हिंट्स' या नावाने ती छापलीही गेली. वर्ष संपता संपता सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. १८८२ मध्ये दिवाण बडोद्याबाहेर! शिष्य मोठा झाला की माधवरावांनी गाठोडं बांधायचं, हे आता ठरूनच गेलं होतं.

उरलेली वर्षं मद्रासमध्ये गेली. १८८७ मध्ये काँग्रेसचं तिसरं अधिवेशन तिथे भरलं, अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी आणि स्वागताध्यक्ष माधवराव. काँग्रेस हे इंग्रजी राजवटीचंच फळ आहे, असं त्यांनी तिथे सांगितलं. पुढे जहालांनी 'मवाळ' हा शब्द शिवीसारखा वापरला, त्याआधीचे हे अस्सल मवाळ. पण काँग्रेसही त्यांना फार झाली. कायदेमंडळांच्या सुधारणेवरून मतभेद झाले आणि १८८९ मध्ये ते बाहेर पडले. १८९१ च्या एप्रिलमध्ये वारले.

त्रावणकोरच्या राजधानीत, तिरुवनंतपुरमला, त्यांच्याच कारकिर्दीत बांधलेलं सचिवालय आहे आणि त्याच्या समोर त्यांचा पुतळा. त्या चौकाला नुसतं 'स्टॅच्यू' म्हणतात. कुणाचा, ते चौकाच्या नावात नाही.