कोयनाकाठच्या पायवाटा

नकाशात कोयना नदी पाहिली म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेत भरते. देशावरच्या बहुतेक नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि पूर्वेचा रस्ता धरतात. ही महाबळेश्वरी उगम पावते खरी, पण तेथून थेट दक्षिणेला निघते. उजव्या हाताला सह्याद्रीची मुख्य रांग, डाव्या हाताला बामणोलीची रांग, आणि मधल्या अरुंद खोऱ्यातून साठ-पासष्ट किलोमीटर गेल्यावर हेळवाकपाशी तिला पूर्वेची आठवण होते. मग ती वळते आणि कराडला कृष्णेला मिळते.

आता तुम्ही म्हणाल, वाटांबद्दल बोलायचे सोडून हा भूगोल कशाला? तर तो असा की, या खोऱ्यातल्या साऱ्या पायवाटा नदीच्या या हट्टातून जन्मल्या आहेत. साताऱ्याकडून कोकणात उतरायचे तर एक घाट ओलांडून भागत नसे. आधी बामणोलीची रांग चढायची, उतरायची, नदी पार करायची, पुन्हा सह्याद्रीचा माथा गाठायचा आणि मग कोकणची नाळ उतरायची. खालून मीठ आणि सुकी मासळी वर येई, वरून धान्य, गूळ, मिरची खाली जाई. सोयरिकीही घाटाच्या वर-खाली होत. ज्याच्या डोक्यावर मिठाचे ओझे आहे तो माणूस उगाच खडी चढण घेत नाही. तो डोंगराला तिरपा जातो, पाण्याजवळ टेकतो, सावली धरून चालतो. म्हणून जुनी घाटवाट ओळखावी कशी, तर ती पायाला दमवत नाही यावरून. या वाटांचे इंजिनिअर निरक्षर होते, पण उताराचा हिशेब त्यांचा चुकला नाही!

ही व्यवस्था मोडली ती धरणाने. 1960 नंतरच्या दशकात कोयनेचे पाणी अडले, शिवसागर जलाशय भरला आणि नदीकाठची गावे उठली. कोणी सोलापूरकडे गेले, कोणी रायगड-ठाण्याकडे. त्याआधीपासूनच जावळी-पाटणचे तरुण मुंबईच्या बाजारात माथाडी काम करू लागले होते, त्यांची संख्या वाढली. गावे गेली तशा नदी ओलांडणाऱ्या वाटाही मधोमध तुटल्या. एक टोक बामणोलीकडे राहिले, दुसरे सह्याद्रीकडे, आणि मधला तुकडा पाण्याखाली. मौजेची गोष्ट अशी की, याच जलाशयाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे पोफळीला नेले आणि त्यावर वीज केली. पाणी कोकणात उतरू लागले. माणसे उतरायची थांबली.

विजेच्या विरुद्ध माझी तक्रार नाही. ती माझ्याही घरात जळते.

आज या खोऱ्यात भटकायला जाणारे बहुतेकजण वासोट्याला जातात. बामणोलीहून लाँचने तास-दीड तास जायचे, पायथ्याला उतरायचे आणि दाट रानातून चढायचे. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड असे नाव दिले, ते रान पाहिल्यावर पटते. 1818 साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला तो समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून. त्या रानातून तोफा वर गेल्या कशा, हे तेथे उभे राहून एकदा मनाशी ताडून पाहा. माथ्यावरून बाबुकड्याची प्रचंड कमान दिसते आणि पलीकडे कोकण खाली पसरलेले असते. पायथ्यापासूनच्या वाटेला एके ठिकाणी नागेश्वराच्या गुहेकडे फाटा फुटतो. ही वाट मळलेली आहे, चुकण्याचे भय फारसे नाही.

भय आहे ते मळलेली वाट सोडल्यावर. या रानात गवे आहेत. गव्यांच्या वाटा माणसाच्या वाटेपेक्षा रुंद आणि स्वच्छ असतात, त्यामुळे नवखा माणूस मोठ्या विश्वासाने त्यांच्यावरून निघतो. पण गव्याला कोकणात जायचे नसते! त्याची वाट एखाद्या पाणवठ्यावर किंवा गवताच्या माळावर जाऊन संपते, आणि मागे वळावे तर कारवीत तशाच चार वाटा दिसतात. अशा वेळी ओढ्याच्या पात्रातून खाली उतरू, तो कोठेतरी गावाला नेईलच, असा विचार करणारे पुष्कळ असतात. तो विचार घातक आहे, बरं का. सह्याद्रीतला ओढा सरळ चालत नाही, उडी मारतो. जेथे खूण शेवटची नक्की दिसली होती तेथे परत जावे, हेच खरे.

पाण्याबद्दल थोडे आणखी सांगावयास हवे. या खोऱ्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो मुख्यतः चार महिन्यांत. तुमच्या डोक्यावर ऊन असते, वर माथ्यावर ढग फुटलेला असतो. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की समजावे लोंढा मागून येतो आहे. काठावर बसून राहावे. असे ओढे चढतात झरझर आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतातही. दोन तास वाया गेले म्हणून घरचे रागावतील, तेवढेच. ओलांडायचेच झाले तर अरुंद जागा टाळावी, पाणी पसरट असेल तेथून जावे, आणि पाठपिशवीचे बंद सैल करावेत म्हणजे पाय घसरला तर ती चटकन टाकता येते.

1985 साली कोयनेचे अभयारण्य झाले, 2010 साली ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले. त्यामुळे वन खात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात वासोटा बंद असतो, मुक्काम करता येत नाही. आमच्या कॉलेजातली मुले यावर कुरकुरतात. जुन्या वाटा आमच्या आणि आम्हालाच बंदी का, असा त्यांचा सवाल. प्रश्न खोटा नाही, पण मला तो पुरता पटत नाही. ज्या वाटेवरून मीठ जात नाही, वऱ्हाड जात नाही, ती केवळ रविवारच्या हौसेसाठी रानातून मोकळी ठेवावी काय? काही वाटा रानाला परत द्याव्यात, असे माझे मत आहे.

वाट रानाला द्यावी, तिचे नाव मात्र देऊ नये. कोणत्या खिंडीतून कोणती वाट उतरे, बारमाही पाणी कोठे, रात्रीचा मुक्काम कोणत्या गावी, हे सारे कोठेही लिहिलेले नाही. ते माहीत असलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतली कित्येक मुंबईच्या चाळींत किंवा सोलापूरकडच्या पुनर्वसित वस्त्यांत आहेत. पुढच्या सुट्टीत वासोट्याला जाण्याआधी अशा एखाद्या आजोबांकडे किंवा आजींकडे एक दुपार बसा. सोबत वही न्या, आणि पहिला प्रश्न हा विचारा: लग्न होऊन या गावात आलात, त्या कोणत्या वाटेने?