साठवलेली वीज कोणाच्या मालकीची?

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सरकारी अनुदानाविषयी बोलताना आपल्याकडे दोन टोके गाठली जातात. एका पक्षाला प्रत्येक अनुदान ही उधळपट्टी वाटते, तर दुसऱ्याला प्रत्येक अनुदानात लोककल्याण दिसते. वस्तुतः अनुदान हे केवळ एक साधन आहे. ते कोणाच्या खिशातून निघते, कोणाच्या घरी पोहोचते आणि त्याच्या मोबदल्यात समाजाच्या पदरात काय पडते, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियातील मजूर पक्षाच्या सरकारने १ जुलै २०२५ पासून घरगुती बॅटऱ्यांसाठी जी सवलत योजना सुरू केली, तिला हे तीन प्रश्न विचारून पाहणे उद्बोधक ठरेल. सौर ऊर्जेच्या मार्गावर तो देश आपल्यापेक्षा काही वर्षे पुढे आहे. त्याला आज भेडसावणारे प्रश्न उद्या आपल्या दाराशी येणार आहेत.

प्रथम या योजनेची गरज का निर्माण झाली ते पाहू. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून अधिक छतांवर सौर संच बसले आहेत. म्हणजे साधारणतः प्रत्येक तीन घरांमागे एक. परंतु वीज हा अत्यंत नाशवंत माल आहे. हंगामात टोमॅटोचे पीक एकदम बाजारात आले की शेतकऱ्यावर तो रस्त्यावर ओतण्याची पाळी येते. तसेच तेथे दुपारच्या विजेचे झाले आहे. भर दुपारी सर्व छते एकदम वीज निर्माण करतात, त्या वेळी मागणी कमी असते, आणि घाऊक बाजारातील भाव पुष्कळदा शून्याच्याही खाली जातो. सूर्य मावळला की चित्र पालटते. माणसे घरी परततात, स्वयंपाक सुरू होतो, दिवे आणि वातानुकूलन यंत्रे चालू होतात, आणि ही मागणी भागवण्यासाठी कोळसा व वायू जाळणारी केंद्रे चढ्या भावाने वीज विकू लागतात.

या बदलाचे माप एका आकड्यात सापडते. व्हिक्टोरिया राज्यात २००९ साली सुरू झालेल्या योजनेत छतावरून जाळ्यात सोडलेल्या प्रत्येक युनिटला किमान ६० सेंट मिळत. २०२५-२६ या वर्षासाठी तेथील नियामक आयोगाने ठरवलेला किमान दर होता ०.०४ सेंट. दुपारच्या विजेला आज जवळजवळ काहीच मोल उरलेले नाही. मोल आहे ते ती वीज संध्याकाळपर्यंत जपून ठेवण्याला. शीतगृहाने टोमॅटोचे जे काम करावे, तेच बॅटरी विजेचे करते. म्हणून बॅटरीला सरकारने उत्तेजन देणे मुळातच गैर आहे, असे कोणी म्हणणार नाही. संध्याकाळची मागणी खाली आली तर महागडी केंद्रे कमी चालतात, तारा आणि रोहित्रे यांवरील नवा खर्च टळतो, आणि त्याचा लाभ बॅटरी नसलेल्या शेजाऱ्यालाही पोहोचू शकतो. सरकारचा हा युक्तिवाद खरा आहे. प्रश्न एवढाच आहे की, या हेतूला योजनेची रचना कितपत अनुरूप आहे?

आता पहिला प्रश्न : पैसा कोणाचा? ऑस्ट्रेलियात छतावरील सौर संचांना प्रमाणपत्रांच्या रूपाने सवलत मिळते. ही प्रमाणपत्रे वीज विकणाऱ्या कंपन्यांना कायद्याने विकत घ्यावी लागतात आणि त्यांचा खर्च अखेर सर्व ग्राहकांच्या बिलात उतरतो. ज्याच्या घरावर संच नाही, त्याच्याही बिलात. बॅटऱ्यांसाठी हीच प्रमाणपत्रांची यंत्रणा वापरली असली तरी त्यांचा खर्च सरकारने स्वतःच्या अर्थसंकल्पातून उचलला आहे. ही सुधारणा मान्य केली पाहिजे. विजेचे बिल गरिबाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा खाते, तर प्राप्तिकर चढत्या दराने आकारला जातो. त्यामुळे बिलापेक्षा करातून केलेला खर्च अधिक न्याय्य असतो. परंतु करातून आलेला पैसा सर्वांचा असतो, म्हणूनच पुढचे दोन प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारण्याचा अधिकारही सर्वांना मिळतो.

दुसरा प्रश्न : लाभ कोणाला? सवलत बॅटरीच्या किमतीच्या साधारण तीस टक्के राहावी अशी कल्पना होती, आणि ती बॅटरीच्या क्षमतेनुसार मोजली जाई. २०२५ मध्ये प्रत्येक वापरण्याजोग्या युनिटमागे ९.३ प्रमाणपत्रे मिळत आणि प्रत्येक प्रमाणपत्राची किंमत जास्तीत जास्त ४० डॉलर होती. हिशेब सोपा आहे. दहा युनिटांची बॅटरी बसवणाऱ्याला सुमारे ३,७०० डॉलर, आणि पन्नास युनिटांची बसवणाऱ्याला सुमारे १८,६०० डॉलर. पन्नास युनिटांपर्यंत ही पायरी कोठेही आखूड होत नव्हती.

सर्वसामान्य कुटुंबाची संध्याकाळची व रात्रीची गरज दहा-बारा युनिटांत भागते. तथापि ज्याच्या हाती भांडवल होते त्याच्या दृष्टीने मोठी बॅटरी घेणेच शहाणपणाचे ठरले. बसवणाऱ्या कंपन्यांनीही मोठ्या संचांचाच पुरस्कार केला, आणि बसवलेल्या बॅटऱ्यांची सरासरी क्षमता वीस युनिटांच्या वर गेली. पहिल्या सहा महिन्यांतच दीड लाखांहून अधिक बॅटऱ्या बसल्या. २०३० पर्यंत पुरेल म्हणून ठेवलेली सुमारे २३० कोटी डॉलरची तरतूद त्यापूर्वीच संपणार, हे स्पष्ट झाले. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने ती ७२० कोटी डॉलरपर्यंत वाढवली आणि १ मे २०२६ पासून पायऱ्या लावण्याचे ठरवले : पहिल्या १४ युनिटांना पूर्ण सवलत, १४ ते २८ युनिटांच्या टप्प्याला साठ टक्के, आणि २८ ते ५० युनिटांच्या टप्प्याला केवळ पंधरा टक्के. म्हणजे पन्नास युनिटांच्या संचाला यापुढे २५.७ युनिटांइतकीच सवलत मिळावी. चूक लवकर ध्यानी आली आणि दुरुस्त केली, याचे श्रेय त्या सरकारला दिले पाहिजे. परंतु अशी पायरी पहिल्या दिवसापासून ठेवता आली नसती काय? अनुदान क्षमतेच्या प्रमाणात वाटले की ते भांडवलाच्या प्रमाणात वाटले जाते, हा अनुभव शेतीच्या अनुदानांपासून सर्वत्र आलेला आहे.

याहूनही खोल प्रश्न बॅटरीच्या आकाराचा नसून छताचा आहे. सौर संच केवळ श्रीमंत वस्त्यांतच आहेत असे ऑस्ट्रेलियात म्हणता येणार नाही. शहरांच्या बाहेरच्या उपनगरांत, कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मध्यम मिळकतीच्या कुटुंबांनी ते मोठ्या प्रमाणावर बसवले आहेत. तेथील खरी सीमारेषा घरमालक आणि भाडेकरू यांच्यामधली आहे. त्या देशातील दहा कुटुंबांपैकी तीन भाड्याच्या घरात राहतात. मेलबर्न-सिडनीकडे नव्याने गेलेली मराठी कुटुंबेही आरंभी बहुधा त्यांच्यातच मोडतात. भाडेकरूला छत नाही, भिंतीवर बॅटरी बसवण्याचा अधिकार नाही. आणि घरमालकाला ती बसवण्यात स्वारस्य नाही, कारण विजेचे बिल भाडेकरू भरतो. सदनिकांत राहणाऱ्यांची अडचणही थोड्याफार फरकाने अशीच आहे. ज्याच्यापाशी घर आहे पण रोकड नाही, त्याला तीस टक्क्यांची सवलत असूनही उरलेले सत्तर टक्के उभे करता येत नाहीत. कर मात्र या सर्वांनीच भरलेला असतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सवलतीच्या मोबदल्यात समाजाला काय मिळते? हजारो घरांतील बॅटऱ्या एका नियंत्रणाखाली जोडून, गरजेच्या घटकेला त्यांतून एकदम वीज घेता येते. याला आभासी वीजकेंद्र म्हणतात. केंद्र सरकारच्या योजनेत वीजजाळ्याला जोडलेली बॅटरी अशा केंद्रात सामील होण्यास तांत्रिकदृष्ट्या सक्षम असली पाहिजे, अशी अट आहे. ती प्रत्यक्ष सामील झालीच पाहिजे, अशी मात्र अट नाही. म्हणजे सार्वजनिक पैशाने घेतलेली बॅटरी सार्वजनिक कामी येईल की नाही, हे मालकाच्या मर्जीवर सोडले आहे. पाणी साठवण्यासाठी शेततळ्याला अनुदान द्यावे, आणि टंचाईच्या दिवसांत त्यातले घागरभर पाणी गावाला द्यावे की नाही याविषयी एक शब्दही काढू नये, असाच हा प्रकार झाला.

याच देशातील पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने वेगळा मार्ग धरला. तेथील राज्य सरकारने १ जुलै २०२५ पासूनच स्वतःची पूरक सवलत दिली, मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांना दहा हजार डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्जाची सोय केली, आणि ही मदत घेणाऱ्याने आभासी वीजकेंद्रात सामील झालेच पाहिजे अशी अट घातली. हे त्या राज्याला शक्य झाले याचे एक कारण असे की, तेथे घरगुती ग्राहकांना वीज पुरवणाऱ्या संस्था आजही सार्वजनिक मालकीच्या आहेत. याउलट व्हिक्टोरियाने आपले राज्य वीज आयोग १९९० च्या दशकात तुकडे करून विकला. जेथे वीज विकणाऱ्या कंपन्या खाजगी असतात, तेथे ‘तुमच्या बॅटरीतील वीज आम्ही केव्हाही घेऊ’ असे म्हणणाऱ्या कंपनीविषयी ग्राहकाला संशय वाटणे स्वाभाविकच आहे. या संशयाबद्दल ग्राहकाला दोष देता येणार नाही. आपण दिलेल्या विजेचा नफा कोणाच्या खात्यात जातो हे त्याला दिसत नाही, हे त्याचे मूळ आहे.

आणखी एक मार्ग होता, आणि तो त्याच मजूर पक्षाने २०२२ च्या निवडणुकीत मांडला होता. वस्त्यावस्त्यांतून चारशे सामुदायिक बॅटऱ्या बसवण्यासाठी वीस कोटी डॉलर देण्याचे त्याने कबूल केले होते. अशा बॅटरीत भाडेकरू, सदनिकाधारक आणि छतवाले यांना सारखेच स्थान मिळू शकते. मोठी बॅटरी प्रत्येक युनिटमागे सामान्यतः स्वस्तही पडते. परंतु वीस कोटी आणि सातशे वीस कोटी हे दोन आकडे शेजारी ठेवले, की सरकारचा कल कोठे आहे ते कळते. घरगुती बॅटरी लवकर बसते, तिची जाहिरात करता येते, आणि मतदाराला ती स्वतःच्या भिंतीवर दिसते. सामुदायिक बॅटरीला जागा लागते, संस्था लागते, हिशेब लागतो. लोकशाहीत सोपा मार्ग निवडला जातो यात नवल नाही. तथापि सोप्या मार्गाचा खर्च कोणी सोसला, हे लिहून ठेवले पाहिजे.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. तिच्यात तीन किलोवॅट व त्यावरील संचाला ७८,००० रुपये अनुदान ठेवले. त्यापुढे अनुदान वाढत नाही, ही या योजनेची चांगली बाजू आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील आणि अल्प वीज वापरणाऱ्या कुटुंबांसाठी पूरक अनुदानही मंजूर केले. तरीही ज्याच्यापाशी स्वतःचे छत आहे तोच या योजनेचा खरा मानकरी आहे. चाळीत, झोपडपट्टीत, बहुमजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला छत कोठून आणायचे?

शिवाय आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. महावितरणच्या दररचनेत जास्त वापर करणारा ग्राहक प्रत्येक युनिटला अधिक दर देतो आणि त्यातून कमी वापर करणाऱ्याचा दर खाली राखला जातो. साहजिकच छतावर संच बसवण्यात सर्वांत मोठा फायदा या जास्त दर देणाऱ्यालाच आहे. तो जाळ्यातून जितका बाहेर पडेल, तितका गरीब ग्राहकाला मिळणारा आधार क्षीण होईल. आज नेट मीटरिंगमुळे दुपारी दिलेली वीज रात्री परत मिळते. म्हणजे वीजजाळेच त्याची फुकटची बॅटरी आहे. ही सोय जसजशी आक्रसेल, तसतशी बॅटरीलाही अनुदान द्या ही मागणी येथेही जोर धरील. त्या वेळी काय बोलायचे, ते आजच ठरवलेले बरे.

त्या दृष्टीने चार गोष्टींचा आग्रह धरता येईल. बॅटरीसाठी अनुदान द्यायचे तर ते अर्थसंकल्पातून द्यावे, इतर ग्राहकांच्या बिलातून नव्हे. त्याला प्रारंभापासून कुटुंबाच्या सर्वसामान्य गरजेइतकीच मर्यादा असावी. ज्याने सार्वजनिक पैसा घेतला त्याची बॅटरी ठरलेल्या घटकांना, ठरलेल्या मोबदल्यात, सार्वजनिक जाळ्याच्या सेवेला बांधलेली असावी. आणि घरगुती बॅटरीवर जेवढे खर्च होईल, त्याच्याशी तुलना करता येईल एवढी रक्कम उपकेंद्रांजवळच्या व वस्त्यांतील सामुदायिक साठवणुकीसाठी राखून ठेवावी, म्हणजे छत नसलेल्याचाही तिच्यात वाटा राहील.

सहकाराचे नाव घेताच सर्व प्रश्न सुटतात, असा भाबडेपणा मात्र नको. अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने अनेक दशके ग्रामीण वीजवितरण केले. वाढत्या थकबाकीचे ओझे तिला पेलले नाही, आणि २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेले. सामुदायिक बॅटरीलाही वसुली, देखभाल आणि उघडा हिशेब यांची शिस्त लागेल. ती शिस्त घालून देण्याचे काम कठीण आहे. परंतु ते कठीण आहे म्हणून टाळले, तर साठवलेल्या विजेची मालकी छताच्या मालकीमागोमाग जाईल, आणि तारांचा, रोहित्रांचा व रात्रीच्या महाग विजेचा खर्च ज्यांच्यापाशी छत नाही त्यांच्याकडे उरेल. ऑस्ट्रेलियाने या वाटणीचा विचार योजना सुरू झाल्यानंतर आरंभला. आपल्याला तो आधी करण्याची संधी आहे.