धान आपलं, बियाणं कोणाचं?

दोस्तांनो, गोंदियात धानावर बोलायचं म्हणजे धास्तीच. तुमच्यातल्या कित्येकांनी चिखलात उतरून रोवणी केलेली आहे.

आपल्या ताटातला एचएमटी तांदूळ प्रयोगशाळेतून आलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या बांधीत तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडल्या. वाण दूरवर पसरला. दादाजी २०१८ मध्ये गेले, ते हलाखीतच.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित धानाचे दोन वाण जाहीर केले. त्यातला 'कमला' सांबा मसुरीपासून बनवलेला. बाहेरचा जनुक त्यात नाही, मूळच्याच जनुकात बदल आहे. तो सुमारे २० दिवस आधी कापणीला येतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. हे खरं ठरलं तर तलावाचं किती पाणी वाचेल, हिशोब तुम्हीच करा. मला तरी हा फायदा मोठा वाटतो.

पण बीटी कापूस आठवा. २००२ मध्ये परवानगी मिळाली, आधी फवारण्या घटल्या, मग गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागलं, तेही जनुकामुळे नव्हे, संकरित म्हणून.

धानाच्या सरळ वाणाचं बी घरी राखता येतं. २००१ चा कायदा तो हक्क देतो. जनुक-संपादनाच्या तंत्राची मुख्य पेटंटं मात्र परदेशी संस्थांकडे आहेत. म्हणून सहायक कृषी अधिकारी नवा वाण घेऊन आला, की आधी विचारा: याचं बी पुढच्या वर्षी घरचं चालेल का, आणि आपल्या जिल्ह्यात चाचणी कुठे झाली?