हजार जणांचा हजेरीपट



हजार माणसं मिळून एक शोधनिबंध कसा लिहितात ते सांग, असा संयोजकांचा आग्रह. मी गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पात विश्लेषणाचं काम करतो, म्हणून.

निधी, समित्या, मध्यरात्रीच्या बैठका हे असतंच. खरी पंचाईत वेगळी. वर्षानुवर्षं वाट पाहणारी माणसं हवं तेच पाहत नाहीत ना, हे तपासायचं कसं?

त्यासाठी मोजक्या जणांना नोंदींत गुपचूप खोटा संकेत मिसळायची मुभा होती. हे सर्वांना ठाऊक. कधी मिसळला, ते मात्र नाही. सप्टेंबर २०१० मध्ये एक ठळक संकेत दिसला. टोपणनाव ‘बिग डॉग’. सहा महिने सगळे राबले, निबंधही लिहून तयार. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडियाच्या बैठकीत पाकीट उघडलं. संकेत बनावट! सहा महिन्यांची मेहनत बासनात गेली. मला विचाराल तर प्रकल्पातली ही सर्वांत शहाणपणाची उधळपट्टी.

१४ सप्टेंबर २०१५ ला पुन्हा संकेत आला, तेव्हा पहिला प्रश्न तोच: “कुणी घातलाय का?” कुणी घातला नव्हता. तरी जाहीर करायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडलं. निबंधावर हजाराहून अधिक नावं, आडनावांच्या वर्णानुक्रमानं. थेट आपला हजेरीपट!

आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा व्हायची आहे. सर, दहावीत कुणी चौकस मुलं-मुली असतील, तर मला जरूर कळवा.