विरारच्या निर्मलादेवी

विरारच्या मनवेलपाड्यात अभिनेता गोविंदाचं नाव काढा, लोक लगेच म्हणतात, ‘आपल्या विरारचा पोरगा!’ आज मात्र बोलायचंय ते त्याच्या आईविषयी, गायिका निर्मलादेवींविषयी.

त्या मूळच्या बनारसच्या, तालीम पतियाळा घराण्याची. १९४२ च्या ‘सवेरा’ चित्रपटात त्यांनी अरुणकुमार आहुजांसोबत भूमिका केली. हे अरुणकुमार म्हणजे मेहबूब खान यांच्या ‘औरत’मधले नट. पुढे दोघांनी संसार थाटला. अरुणकुमारांनी काढलेला चित्रपट बुडाला आणि मुंबईतलं घर सोडून कुटुंब विरारला आलं.

निर्मलादेवींचा खरा प्रांत ठुमरी. ठुमरीत एकच ओळ पुन्हापुन्हा घोळवतात. एकदा त्यात आर्जव असतं, एकदा रुसवा, एकदा नुसती हुरहूर. शब्द तेच, पण दर वेळी सूर निराळ्या वाटेने येतात. याला बोलबनाव म्हणतात. तीन-चार मिनिटांच्या चित्रपटगीतात त्याला वाव कुठून मिळणार? लक्ष्मी शंकर यांच्यासोबतच्या त्यांच्या ठुमऱ्यांची ध्वनिमुद्रिका ऐका. एकीने सोडलेला धागा दुसरी किती अलगद उचलते!

‘बावर्ची’ या १९७२ च्या चित्रपटात मदनमोहन यांनी मन्ना डे, किशोरकुमार, हरींद्रनाथ चट्टोपाध्याय आणि लक्ष्मी शंकर यांच्याबरोबर निर्मलादेवींनाही एकाच गाण्यात गायला लावलं. पाच आवाजांत त्यांचा आवाज ओळखून पाहा.

१९९६ मध्ये त्या गेल्या. विरारकरांनी त्यांचं गाणंही तितक्याच हक्काने आपलं म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.