यंत्रांची स्मृती, माणसांची स्मृती



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांना अभिवादन करून मी आज एका मागे पडलेल्या यंत्राविषयी बोलणार आहे.

1965 साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-8 हा मिनी-कॉम्प्युटर सुमारे 18,000 डॉलरला विक्रीस आणला. त्या काळचे मोठे संगणक खोल्या व्यापत. हा टेबलावर मावे. त्यामुळे प्रयोगशाळेतील संशोधक स्वतः यंत्रासमोर बसू लागला.

त्याची स्मृती 12 बिटांच्या 4,096 शब्दांची होती. म्हणजे तारांत ओवलेली फेराइटची 49,152 बारीक कडी. वाचताक्षणी कड्यातील नोंद पुसली जाई, म्हणून यंत्र ती लगेच पुन्हा लिहून ठेवी. वीज गेली तरी नोंद मात्र टिकून राही. मूलभूत आज्ञा अवघ्या आठ, आणि त्यांत वजाबाकी नव्हतीच! सातातून तीन वजा करायचे, तर तिनाचे सर्व बिट उलटवून त्यात एक मिळवायचा आणि ती संख्या सातात मिळवायची.

आरंभीच्या थोड्या आज्ञा दर्शनी फळीवरील खटक्यांनी हाताने भराव्या लागत. पुढील मजकूर छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून येई. टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरे वाची. एका शब्दाला फितीच्या दोन ओळी लागत. म्हणजे सारी स्मृती भरण्यास जवळजवळ चौदा मिनिटे लागत.

आपल्या हैदराबादकरांना हा विषय परका नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातील अभियंत्यांच्या परिश्रमातून 1969 साली टीडीसी-12 हा 12 बिटांचा भारतीय संगणक साकार झाला आणि त्याची निर्मिती याच शहरातील ईसीआयएलने केली. पुढे टीडीसी-316 आला.

डिजिटल कंपनी 1998 साली कॉम्पॅकमध्ये विलीन झाली; तरी तिची यंत्रे जिवंत ठेवणारे हौशी लोक जगभर आहेत. जुने यंत्र ते एकदम सुरू करीत नाहीत. प्रथम वीजपुरवठ्याचे कपॅसिटर तपासतात, दाब हळूहळू वाढवतात, मगच एकेक कार्ड जोडतात. अमेरिकेतील बॉब सप्निक यांनी तर आजच्या संगणकावर जुन्या यंत्रांचे हुबेहूब वर्तन घडविणारी सिमएच ही प्रणाली रचली. हे सारे शक्य झाले, कारण आकृत्या, पुस्तिका आणि जुन्या जाणत्यांच्या आठवणी त्यांनी कसोशीने जमविल्या.

आपल्याकडे काय? 1969 साली पंचविशीत असलेले अभियंते आज ऐंशीच्या पुढेमागे आहेत. कोणते कार्ड वारंवार बिघडे, उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी लागे, हे पुस्तिकेत सापडेलच असे नाही. ते त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. यंत्र भंगारात गेले तरी आकृतीवरून ते पुन्हा उभारता येईल. माणसाबरोबर गेलेले ज्ञान परत मिळत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरी वा शेजारी असे कोणी आजोबा असतील, तर वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. विचारा, ऐका आणि तारीखवार लिहून ठेवा. गुरुजनांच्या स्मरणाचा याहून उचित मार्ग मला दिसत नाही.